सिंगलची शाल

अण्णा शालींवर फुंकर मारत बसले होते.

पौषातली सकाळ. निफाडकडची थंडी ज्याने सोसली नाही त्याला ती सांगून कळत नाही. बाहेर द्राक्षबागांमधून शेकोट्यांचा धूर उठला होता. मणी तडकू नयेत म्हणून लोक पहाटेपासून बांधावर लाकडं पेटवून बसले होते. आणि आमच्या घरात माझा बाप सत्काराच्या शालींची ट्रंक उघडून एकेक शाल डाव्या तळव्यावर पसरत होता, वरून फुंकर घालत होता. फुंकर खाली तळव्याला लागली की शाल बाजूला फेकत होता.

"काय चाललंय हे?" आई चहा घेऊन आली. "भूत उतरवताय का शालींचं?"

"सगळ्या चाळण्या आहेत," अण्णा म्हणाले. "ही पतसंस्थेची, ही मंडळाची, ही युनियनची. सगळ्यांतून वारा आरपार."

"मग? सत्काराची शाल काय पांघरायला देत्यात? ती फोटोपुरती असती."

अण्णांनी तळाची एक शाल काढली. विटकरी रंगाची, बारीक काठाची. फुंकर मारली. पुन्हा गाल फुगवून मारली. मग वर बघून हसले.

"थांबली. ही खरी लोकर आहे."

"ती नानासाहेबांची," मी म्हणाले.

"हो का?" अण्णा म्हणाले, आणि शाल घेऊन सिंगलकडे गेले.

सिंगल आमची कुत्री. भंगारातून आणलेल्या बसच्या सीटवर अंगाचं वेटोळं करून पडलेली. अण्णा एसटीचे ड्रायव्हर. मी सातवीत असताना येवल्याच्या रस्त्यावर त्यांच्या गाडीसमोर एक मूठभर पिल्लू येऊन बसलं. अण्णांनी करकचून ब्रेक मारला. कंडक्टरने सवयीने घंटीचा एक टोल दिला. एक टोल म्हणजे थांबा, दोन म्हणजे निघा. म्हणून तिचं नाव सिंगल. त्या दिवशी पुढच्या बाकावरचा एक पांढरे कपडेवाला ओरडला होता, "कुत्र्यापायी माणसं पाडता काय हो?" अण्णा खाली उतरून पिल्लू उचलून आले, ते मांडीवर ठेवलं आणि म्हणाले, "तुम्ही झोपा रस्त्यात. तुमच्यासाठीही मारीन."

असा माझा बाप होता. हे आधी सांगून ठेवते, कारण पुढे तो तुम्हाला दिसणार नाही.

त्या हिवाळ्यात सिंगल म्हातारी झाली होती आणि तिला लूत लागली होती. पाठीवरचे केस झडून कातडी उघडी पडली होती. तालुक्याच्या जनावरांच्या डॉक्टरांनी औषध दिलं आणि अण्णांना बजावलं, "औषधापेक्षा ऊब सांभाळा. उघड्या कातडीचं म्हातारं जनावर आहे, एका रात्रीत जाईल. फरशीवर झोपू देऊ नका. गोणपाट नको, ते टोचतं आणि ओल धरतं. पाणी कोमट, खाणं रोजच्यापेक्षा जास्त. आणि शेकोटीपाशी एकटी सोडू नका, ही राखेत जाऊन झोपतात अन् भाजून घेतात."

अण्णांनी सगळं ऐकलं. सीट भिंतीपासून लांब, वारा न लागेल अशी लावली. भाकरी दुधात कुस्करून त्यात अंडं फोडायला लागले. करंजाचं तेल कोमट करून तिच्या पाठीला चोळायचे. घरभर तो कडू, उग्र वास. आई म्हणायची, "माझ्या बाळंतपणात माझ्या पाठीला हात लावला नाही या माणसाने." पण म्हणत म्हणत तीच अंडी आणायची. राहिली होती ती फक्त ऊब. गोधडी ओढायला गेलं की सिंगल तिच्यातून निसटायची, सकाळी उघडी सापडायची.

"बांधता आलं पाहिजे," अण्णा म्हणाले. "नाड्या लावून दे हिला."

"नानासाहेबांच्या शालीला परकराच्या नाड्या लावू?"

"तुझ्याकडं दुसऱ्या कसल्या नाड्या आहेत?"

आई हसली. सुईत निळा दोरा ओवला आणि शालीला दोन नाड्या शिवल्या, एक गळ्याखाली, एक पोटाखाली. अण्णांनी सिंगलला शाल बांधली. ती उभी राहिली, अंग झाडलं, शाल जागची हलली नाही. मग ती पुन्हा सीटवर चढली आणि बऱ्याच दिवसांनी पाय ताणून झोपली. थरथर थांबली होती. अण्णा तिच्याकडे असे बघत होते की जसं काही बंद पडलेल्या बसचं इंजिन सुरू झालंय.

नानासाहेब कोण ते सांगते. आमच्या गावची शाळा त्यांची, सोसायटी त्यांची, पाण्याची टाकी सरकारी असूनही त्यांची. कुणी मेलं तरी पहिला हार त्यांचा. अण्णा रिटायर झाले तेव्हा गावाने सत्कार केला, कारण त्यांच्या हातून सबंध नोकरीत एक अपघात झाला नव्हता. नानासाहेबांनीच ही शाल घातली होती आणि माइकवर म्हणाले होते, "या माणसाने साधं कुत्रंसुद्धा चिरडलं नाही." टाळ्या पडल्या होत्या. सिंगल तेव्हा मांडवाच्या कडेला बसून कान खाजवत होती.

आणि मी त्यांच्या शाळेत शिक्षण सेवक. शिक्षण सेवक म्हणजे कायम होण्याची वाट बघत मान खाली घालून शिकवणारा माणूस. माझी मुदत त्याच महिन्यात संपत होती.

शाल बांधल्यानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवसाची गोष्ट. सकाळी मी शाळेची साडी नेसून डबा भरत होते. आईने अंगण झाडायला दार उघडलं आणि सिंगल बाहेर पडली. ऊब मिळाली होती, पायांत जीव आला होता. रोजच्या वाटेने ती थेट सोसायटीसमोरच्या शेकोटीकडे गेली. तिथे रोज सकाळी गाव बसतं. अण्णा तिच्यामागे जायला चपला शोधत होते तेवढ्यात दिगू शेजवळ दारात येऊन उभा राहिला.

दिगू नानासाहेबांचा माणूस. त्याचा हुद्दा काय ते कुणालाच माहीत नव्हतं. नानासाहेबांची छत्री, मोबाइल आणि राग त्याच्या हातात असायचा.

"डायवर, हे काय वो?" त्याने मोबाइल पुढे केला. पडद्यावर सिंगल. शेकोटीशेजारी, विटकरी शाल पांघरून, मान ताठ करून बसलेली. खरं सांगायचं तर नानासाहेब व्यासपीठावर जसे बसतात तशीच दिसत होती.

"सिंगल आहे," अण्णा म्हणाले. "फोटो बरा आला."

"गावच्या ग्रुपवर गेलाय हा. खाली लोकांनी लिहिलंय, 'नवीन चेअरमन'. दात काढू ऱ्हायलेत लोक."

"मग काढू दे. थंडीत बरं असतं."

"शाल कुणाची आहे ही?"

"माझी."

"दिली कुणी?"

"नानासाहेबांनी. दिली म्हणजे माझी झाली ना? का परत न्यायच्या बोलीवर दिली होती?"

"कुत्रीला घालायला दिली होती का?"

"दिगू," अण्णा म्हणाले, "माझ्या ट्रंकेत नऊ शाली आहेत. आठांतून वारा जातो. ही एकच ऊब देते, म्हणून हिला घातली. नानासाहेबांना सांग, तुमची शाल सगळ्यांत भारी निघाली. खूश होतील."

आई आतून फस्सकन हसली. मलाही हसू आलं. दिगूला हसू आलं नाही. त्याने मोबाइल खिशात टाकला. माझ्याकडे वळला, माझ्या साडीवर, डब्यावर नजर फिरवली आणि अगदी गोड आवाजात म्हणाला,

"शाळंत निघाल्या का मॅडम?"

"हो," मी म्हणाले.

"या मग. जावा बिनघोर."

मला वाटलं विषय संपला. मी डब्याचं झाकण लावलं. मान वर केली तर अण्णा चपला घालून उभे होते, आणि त्यांचा चेहरा कुणीतरी पुसून घेतल्यासारखा झाला होता.

"कुठं आहेत नानासाहेब?" त्यांनी विचारलं.

"शेकोटीपाशीच बसलेत. म्हणले, डायवर आले तर दोन शब्द बोलू."

"चल."

"अहो, चहा तरी…" आई म्हणाली. अण्णा निघून गेले होते. माझी वाट तिकडूनच होती, मी मागोमाग चालू लागले.

शेकोटीभोवती पंधरा-वीस माणसं होती. नानासाहेब प्लॅस्टिकच्या खुर्चीत, कानाला मफलर, पाय आगीकडे. त्यांच्यापासून दोन हातांवर सिंगल. अण्णांना बघून तिने शेपटी आपटली.

"या या, डायवर," नानासाहेब म्हणाले. आवाज लोण्यासारखा. हा माणूस मी कधी ओरडलेला ऐकला नाही. ओरडायला त्याने माणसं ठेवली होती. "बसा, शेका. कुत्री बरी आहे ना?"

"बरी आहे."

"मुकं जनावर आहे. माझं काय जात नाही हो. पण लोकांच्या भावना असतात. शाल म्हणजे काय नुसतं कापड आहे का? मान असतो तो. मी तुम्हाला मान दिला, तो तुम्ही…" त्यांनी सिंगलकडे बोट केलं आणि वाक्य तसंच सोडून दिलं. वाक्य पुरं करायला इतर होते.

"कुत्रीच्या बुडाखाली घातला!" कुणीतरी म्हणालं. हशा पिकला.

मी वाट बघत होते. माझा बाप आता काहीतरी बोलणार. एकदा याच नानासाहेबांची गाडी स्टँडच्या तोंडाशी आडवी लागली होती, तेव्हा अण्णांनी हॉर्नवर हात ठेवून ती हलेपर्यंत उचलला नव्हता. आख्ख्या स्टँडने कानात बोटं घातली होती. त्या माणसाला दोन वाक्यं जड नव्हती. आता बोलेल. आत्ता.

अण्णा म्हणाले, "चुकलं माझं."

"छे छे, माफी कशाला…" नानासाहेब म्हणाले आणि थांबले. थांबून राहिले. म्हणजे अजून व्हायचं होतं.

"शाल काढतो," अण्णा म्हणाले.

ते सिंगलसमोर गुडघ्यांवर बसले. गळ्याखालची नाडी सुटली. पोटाखालची सुटेना. आईने निरगाठ मारली होती आणि अण्णांची बोटं गारठली होती, की आणखी कशाने वाकत नव्हती ते मला माहीत नाही. त्यांनी दोनदा ओढून पाहिली. मग जमिनीवर हात टेकले, मान खाली घातली आणि कुत्रीच्या पोटाखाली तोंड नेऊन दातांनी गाठ सोडवू लागले.

सिंगलला वाटलं खेळ आहे. ती त्यांचं कपाळ, कान, डोळे चाटू लागली.

लोक हसले. किती हसले! एकजण मोबाइल धरून वाकून वाकून बघत होता. नानासाहेब हसले नाहीत. ते आगीकडे बघत राहिले, कुणी कपडे बदलत असताना सभ्य माणूस नजर फिरवतो तसे.

गाठ सुटली. अण्णांनी शाल झटकली, चौघडी केली, कपाळाला लावली आणि दोन्ही हातांनी पुढे केली. दिगूने ती चिमटीत धरली. "तेलाचा वास मारतोय," तो म्हणाला.

"करंजाचं आहे," अण्णा म्हणाले. "धुतलं की जातं."

उघड्या पाठीची सिंगल एकदम थरथरायला लागली. ती सरकत सरकत शेकोटीच्या कडेच्या गरम राखेत जाऊन बसायला लागली. अण्णांनी तिला ओढून घेतलं.

"राहू द्या की डायवर, घेऊ द्या शेक तिला," दिगू म्हणाला. "आम्ही काय नको म्हणलं का?"

अण्णांनी अंगातला खाकी स्वेटर काढला, एसटीचा, कोपरावर रफू केलेला. त्यात सिंगलला गुंडाळलं आणि बनियन-सदऱ्यावर, तिला छातीशी धरून घराकडे चालू लागले. माझ्या बाजूने गेले तेव्हा माझ्याकडे बघितलं नाही.

"उशीर होईल तुला," एवढंच म्हणाले.

त्या थंडीनं सिंगल पडली. छातीत घुरघुर सुरू झाली, खाणं सुटलं. डॉक्टर येऊन सुई टोचून गेले. आईने स्वतःची गोधडी फाडून तिच्यासाठी अंगरखा शिवला. आत जुनं लुगडं, बाहेर गोधडीचा तुकडा. अण्णा गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून तिच्या पोटाशी लावायचे, फार गरम नाही ना म्हणून आधी स्वतःच्या गालाला लावून बघायचे. मी एकदा म्हणाले, "अण्णा, तुम्ही शाल का दिलीत?" ते म्हणाले, "बाटली गार झाली, बदलून आण." मी बाटली बदलून आणली.

अंडं फोडून घातलेली भाकरी सिंगलने ज्या दिवशी पहिल्यांदा खाल्ली, त्याच्या दुसऱ्या दिवशी प्रजासत्ताक दिन होता.

झेंडावंदन झालं, कवायत झाली. मग हेडमास्तर माइकवर म्हणाले की संस्थेने या वर्षी कायम केलेल्या शिक्षकांचा सत्कार नानासाहेबांच्या शुभहस्ते होईल. माझं नाव पुकारलं. मंदाकिनी रंगनाथ घोलप. मला आदल्या दिवशीपर्यंत कुणी काही सांगितलं नव्हतं. मी वर गेले. पालकांच्या गर्दीत शेवटच्या रांगेत अण्णा उभे होते, इस्त्रीच्या कपड्यांत. त्यांना निरोप गेला होता म्हणे. दिगूनेच दिला होता.

नानासाहेबांनी दिगूच्या हातातल्या थप्पीतली वरची शाल घेतली, उलगडली आणि माझ्या खांद्यावर घातली. विटकरी. बारीक काठाची.

आधी वास आला. ड्रायक्लीनच्या वासाखाली तो होताच, कडू, उग्र. करंज. मग माझं बोट काठाशी गेलं. तिथे एक टोचरा धागा होता, कापून उरलेला. मी खाली बघितलं. निळा.

या लोकांनी ती शाल पवित्र करायला नेली नव्हती. जाळली नाही, गंगेत सोडली नाही. धुऊन थप्पीत ठेवली होती. जिच्या अपमानासाठी माझ्या बापाला कुत्रीच्या पोटाखाली घातलं, ती शाल कुठली हे त्यांच्या लक्षातसुद्धा नव्हतं. नानासाहेब माझ्यासमोर हसत उभे होते, फोटोसाठी मान थोडी तिरपी करून. त्यांना वास आला नाही. दिगूलाही आला नाही. शाळंत निघाल्या का मॅडम. या मग. जावा बिनघोर. तेव्हा कुठे मला तो प्रश्न ऐकू आला. दारात उभा राहून त्याने तो मला विचारलाच नव्हता. अण्णांना विचारला होता.

"मॅडम, इकडं बघा," फोटोवाला म्हणाला.

मी समोर बघितलं. शेवटच्या रांगेत माझा बाप दोन्ही हात वर करून टाळ्या वाजवत होता. सगळ्यांच्या टाळ्या थांबल्या तरी त्याच्या थांबल्या नव्हत्या. इतक्या लांबून त्याला शाल ओळखू आली असेल का, हा विचार मी कितीतरी वर्षं केला. रात्रीच्या धुक्यात दोनशे फुटांवरचं पिल्लू ओळखणारा ड्रायव्हर होता तो.

घरी आले. अण्णा माझ्या आधी पोहोचले होते. मी शाल काढून त्यांच्यापुढे धरली. त्यांनी ती हातात घेतली, काठावर अंगठा फिरवला, तो धाग्यापाशी थांबला.

"धुऊन आणली की चांगली," आई म्हणाली. "फुकटात काम झालं." पण तिला स्वतःलाच हसू आलं नाही. ती सुईदोरा घेऊन बसली. पुन्हा परकराच्याच नाड्या.

अण्णांनी सिंगलला शाल बांधली. तिने काठ हुंगला, स्वतःचाच वास ओळखून शेपूट हलवली आणि अंग झाडलं. बाहेर दुपारचं ऊन पडलं होतं. थंडीतलं ते ऊन म्हाताऱ्या जनावराला औषधच असतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, दुपारी तासभर उन्हात बसवत जा. सिंगल सीटवरून उतरली आणि नखं वाजवत दाराकडे निघाली.

अण्णा उठले, तिच्या पुढे झाले आणि दार लावलं. कडी घातली.

"अहो, उन्हात तरी जाऊ द्या तिला," आई म्हणाली.

अण्णा दाराला पाठ लावून उभे राहिले.

"शाल काढून सोडू," ते हळू म्हणाले. "दिसेल कुणाला तरी."